बीज, बिंदू आणि खामगावचे वकील

भरताच्या नाट्यशास्त्रात रसाची चर्चा सहाव्या अध्यायात येते. त्याच्या बऱ्याच आधी, दुसऱ्याच अध्यायात, भरतमुनी नाटकगृह बांधायला घेतात. जमीन कशी पारखावी, खांब कुठे रोवावेत, प्रेक्षकांच्या बैठकी मागे मागे उंच कशा न्याव्यात, सगळे बारकाईने सांगतात. माणसांसाठी नाटकगृह बांधायचे तर ते ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असावे, असे त्यांचे मत. आपल्या हिशेबाने साधारण ९६ फूट आणि ४८ फूट. याहून मोठे का नको, याचे कारण अगदी व्यवहारी आहे. मोठ्या मंडपात शब्द विरतो, मागच्याला नीट ऐकू येत नाही आणि नटाच्या चेहऱ्यावर काय चालले आहे तेही दिसत नाही. गणेशोत्सवात उघड्या पटांगणावर, मध्येच कुईं करणाऱ्या माइकवर नाटक पाहिलेल्या माणसाला हे वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

विभाव, अनुभाव, बीज, बिंदू, पताका, विष्कंभक अशा शेकडो संज्ञा ज्या परंपरेने आपल्याला दिल्या, ती शेवटच्या रांगेतल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून शास्त्र लिहीत होती. आपण ते शास्त्र वाचतो तेव्हा नेमका हाच माणूस आपल्या नजरेतून सुटतो. या पुस्तकातल्या नोंदी म्हणून थोड्या उलट्या बाजूने लिहिल्या आहेत. व्याख्या आहे, पण ती नंतर. आधी विचारले आहे की नाटक उभे करताना कोणाची कोणती अडचण झाली, म्हणून ही युक्ती निघाली आणि तिला नाव पडले?

बुलढाणा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत मराठी किंवा संस्कृत घेतलेल्या मुलांची या शब्दांशी गाठ पडते ती बहुतेक ‘टिपा लिहा’ या प्रश्नात. विष्कंभक म्हणजे पाच अर्थोपक्षेपकांपैकी एक, घडलेल्या आणि घडणार असलेल्या कथाभागाची सूचना देणारा मध्यम पात्रांचा छोटा प्रवेश, त्याचे शुद्ध आणि मिश्र असे दोन प्रकार. उत्तर बिनचूक असते, गुणही मिळतात. मग एखाद्याला विचारावे, “बरं, पण कालिदासाला तो काहून लागला?” की वर्गात सामसूम. दोष मुलांचा नाही. गाइडांनी शब्द आणि नाटक यांची कधीच फारकत करून टाकली आहे.

तो काहून लागला ते आधी पाहू, कारण एवढी एक संज्ञा नीट कळली तर पुढच्या निम्म्या नोंदी सोप्या जातात.

महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला ओळखून न ओळखल्यासारखे करतो. कालिदासाला असा राजा चालणारा नव्हता. त्याला हवा होता धीरोदात्त नायक, म्हणजे ज्याच्याविषयी प्रेक्षकाच्या मनात आदर टिकून राहील असा. राजाला विसर पडायला काहीतरी बाहेरचे कारण हवे, म्हणून दुर्वासाचा शाप आला. खरी अडचण इथून पुढे सुरू होते. शाप दाखवायचा कसा? दुर्वास रंगमंचावर येऊन शकुंतलेच्या तोंडावर शाप देऊन गेले तर तो तिला कळणार. कळला की ती राजाच्या अंगठीला जिवापाड जपणार, आणि मग पाचव्या अंकात दरबारात घडते ते काही घडायचे नाही. बरे, शाप दाखवलाच नाही तर प्रेक्षक राजाला लबाड समजणार. म्हणजे तो प्रेक्षकाला कळला पाहिजे, नायिकेला कळता कामा नये, नायकालाही नाही.

चौथ्या अंकाच्या सुरुवातीचा विष्कंभक ही गाठ सोडवतो. अनसूया आणि प्रियंवदा फुले वेचत आहेत. शकुंतला कुटीत आहे, देहाने तिथे आणि मनाने हस्तिनापुरात. नेपथ्यातून, म्हणजे पडद्याआडून, अतिथीची हाक ऐकू येते. तिला उत्तर जात नाही. लगेच शापाचे शब्द येतात. दुर्वास आपल्याला दिसतच नाहीत, त्यांचा फक्त आवाज येतो. एक सखी धावत जाते, विनवण्या करते आणि उःशाप घेऊन परत येते: ओळखीचा दागिना दाखवला की शाप संपेल. मग दोघी ठरवतात की हे शकुंतलेला सांगायचे नाही, तिच्या नाजूक जिवाला ते सोसायचे नाही. प्रवेश संपला. वाचायला पाच मिनिटे लागत नाहीत, आणि पुढच्या तीन अंकांचा सगळा भार या पाच मिनिटांवर उभा आहे.

पाचव्या अंकात राजा तिला नाकारतो तेव्हा तो खरे बोलतो आहे, तीही खरे बोलते आहे, सोबत आलेले ऋषिकुमारही खरेच बोलत आहेत. खरी गोष्ट ठाऊक आहे ती एकट्या प्रेक्षकाला, आणि त्याला उठून सांगता येत नाही. इंग्रजी नाटकांच्या अभ्यासातून आपल्याकडे ‘नाट्यात्म उपरोध’ अशी संज्ञा आली, ती याच अवस्थेची. सोफोक्लिसचा ईडिपस खुन्याला शिव्याशाप देतो आणि खुनी तो स्वतःच आहे हे अथेन्सचा प्रेक्षक आधीपासून जाणून असतो, तीही हीच गोष्ट. पु. ल. देशपांडे यांनी ते नाटक ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणले आहे. शाकुंतलाचा पाचवा अंक आणि ते एका बैठकीत वाचून पाहावे. पुस्तकात ‘विष्कंभक’ आणि ‘नाट्यात्म उपरोध’ या नोंदी म्हणूनच एकमेकींकडे बोट दाखवतात. एक संस्कृत शास्त्रातली आणि एक पाश्चात्त्य, म्हणून त्यांना दोन वेगळ्या भागांत टाकायचे मी टाळले.

विदर्भाचा आणि संस्कृत नाटकाचा संबंध जुना आहे. कालिदासाची मालविका विदर्भाची राजकन्या, आणि मालविकाग्निमित्राच्या शेवटी विदर्भाचे राज्य दोघा चुलतभावांत वाटून देताना वरदा नदीची, म्हणजे आपल्या वर्धेची, हद्द धरली आहे. पण विदर्भाचा खरा अभिमान भवभूती. मालतीमाधवाच्या प्रस्तावनेत त्याच्या घराण्याचे गाव विदर्भातले पद्मपूर असे सांगितले आहे, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते आताच्या गोंदिया जिल्ह्यात, आमगावजवळच्या पदमपूरशी जुळवून दाखवले. या भवभूतीच्या उत्तररामचरितातली एकच जागा दाखवतो, कारण पताकास्थानक ही संज्ञा वाचून कळत नाही आणि पाहिल्यावर विसरता येत नाही.

पहिला अंक. वनवासाची चित्रे पाहून दमलेली गर्भवती सीता रामाच्या हातावर डोके ठेवून झोपली आहे. राम तिच्याकडे पाहत मनाशी म्हणतो आहे की हिचे सगळेच किती प्रिय आहे, सोसवणार नाही तो फक्त हिचा विरह. त्याच क्षणी प्रतिहारी आत येते आणि सांगते, आला आहे. राम दचकून विचारतो, कोण? ती म्हणते, दुर्मुख. दुर्मुख हा राजाचा हेर, आणि तो लोकापवादाची बातमी घेऊन आला आहे. प्रतिहारीला तिच्या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक नाही, रामालाही नाही. पण ‘विरह’ आणि ‘आला आहे’ हे दोन शब्द प्रेक्षकाच्या कानात एकमेकांना चिकटतात आणि अंगावर काटा येतो. बोलणाऱ्याच्या मनात एक आणि भवितव्याच्या मनात दुसरेच, असे शब्द जिथे येऊन थडकतात त्या जागेला पताकास्थानक म्हणतात. इथे नाटककाराला जास्त काही करावे लागलेले नाही, फक्त प्रतिहारीच्या एंट्रीची वेळ साधावी लागली. हौशी नाटकात तालमीला एंट्री उशिरा घेणाऱ्या नटावर दिग्दर्शक का ओरडतो, याचे शास्त्रीय उत्तर म्हणून ही नोंद वाचली तरी चालेल.

आता घाटाखाली उतरू. अजिंठ्याच्या डोंगररांगेने आपल्या जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग केले आहेत; खामगाव आणि जळगाव जामोद ही दोन्ही घाटाखालची गावे. या दोन गावांत, आणि त्याआधी अकोल्यात, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी वकिली केली. जन्म नागपूरचा, २९ जून १८७१. दिवसा पक्षकार आणि दावे, उरलेल्या वेळात नाटके, विनोदी लेख, समीक्षा आणि ज्योतिर्गणित. पुण्यात १९२७ मध्ये भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत.

त्यांचे ‘वीरतनय’ किर्लोस्कर मंडळीने १८९६ मध्ये रंगभूमीवर आणले आणि पारशी-गुजराती नाटकांतल्या उडत्या चालींनी मराठी प्रेक्षकाला वेड लावले. पुढे ‘मूकनायक’, ‘गुप्तमंजुष’, ‘मतिविकार’, ‘प्रेमशोधन’, ‘वधूपरीक्षा’ अशी रांग लागली. आज यांतले एकही नाटक सहसा कोणी करत नाही. कोल्हटकर जुने झाले, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण देवल त्यांच्याहून वयाने मोठे, आणि ‘शारदा’ अजून अधूनमधून उभे राहते. केवळ जुनेपणाने नाटक मरत नाही. या पुस्तकातल्या संज्ञा कोल्हटकरांना लावून पाहिल्या तर काय बिनसले ते बरेच नेमके सांगता येते; निदान माझा तसा अनुभव आहे, आणि म्हणूनच उदाहरणांसाठी मी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा गेलो आहे.

नाटकांची नुसती नावे पाहा. गुप्तमंजुष. जन्मरहस्य. मूकनायक, ज्याचा नायक मुका असल्याचे सोंग घेऊन वावरतो. वेषांतर, लपवलेली ओळख, शेवटच्या प्रवेशात उलगडणारे गुपित, यांचा कोल्हटकरांना भारी सोस. शास्त्राला हे अगदी नामंजूर आहे असे नाही. धनंजयाच्या दशरूपकात शेवटच्या निर्वहण संधीत अद्भुत रस असावा असे सांगितलेच आहे. पण त्याच शास्त्रात बीज पेरायचे असते ते पहिल्या मुखसंधीत, प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत. बारीकसे पेरायचे, पण पेरताना दिसले पाहिजे. मग मध्ये कथा भरकटली की बिंदू तिला पुन्हा वाटेवर आणतो, आणि शेवटी फळ दिसते तेव्हा प्रेक्षकाला ते कुठून उगवले हे ठाऊक असते. कोल्हटकरांच्या नाटकांत बीज बहुधा पेटीत बंद असते आणि पेटीची किल्ली लेखकाच्या खिशात. प्रेक्षक दुष्यंताच्या दरबारात बसल्यासारखा तळमळत नाही, कोड्याचे उत्तर कधी सांगतात याची वाट पाहत बसतो. उत्तर एकदा कळले की दुसऱ्यांदा तिकीट काढायचे कारण उरत नाही. शाकुंतलाचे तसे नाही. त्यात पहिल्यांदाच सगळे ठाऊक असते.

दुसरी गोष्ट विदूषकाची. विदूषक म्हणजे खादाड, बोबडा, राजाचा मित्र, असे लिहून मुले थांबतात. मालविकाग्निमित्रातला गौतम पाहा. चौथ्या अंकात तो साप चावल्याचे नाटक करतो. उतारा म्हणून सापाची मुद्रा असलेली वस्तू हवी असते, राणीच्या अंगठीवर ती आहे, राणी घाबरून अंगठी काढून देते, आणि तीच अंगठी पहारेकरणीला दाखवून हा गडी मालविकेला कैदेतून सोडवून आणतो. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता कथा एक पाऊल पुढे सरकलेली असते. विदूषकाच्या थट्टेला असे नेमून दिलेले काम असते. भवभूतीने तर आपल्या तिन्ही नाटकांत विदूषक घेतलाच नाही. त्याच्या करुणाला त्याची जागा नव्हती, त्याने ती दिली नाही.

कोल्हटकरांकडे उलटी गत आहे. त्यांच्याकडे विदूषक एका पात्रात मावत नाही. नायक कोट्या करतो, नायिका कोट्या करते, दासी तर करतेच करते. एकेकटी कोटी घेतली तर झकास असते, काहींना आजही टाळी पडेल. पण सगळेच एका धारेने चमकदार बोलू लागले की कोण बोलतो आहे हे कळायला पानावर नाव पाहावे लागते. संस्कृत नाट्यशास्त्राने कोणत्या पात्राने संस्कृत बोलावे, कोणी शौरसेनी आणि कोणी मागधी बोलावी, याचे काटेकोर नियम केले. ते नियम आज आपल्याला विषम वाटतात, आणि आहेतही. पण माणूस तोंड उघडताच ओळखू यावा, ही त्यांमागची रंगमंचाची गरज खोटी नव्हती. खामगावच्या कचेरीत रोज तऱ्हेतऱ्हेची माणसे आणि तऱ्हेतऱ्हेची वऱ्हाडी ऐकणाऱ्या वकिलाच्या नाटकात राजकन्या आणि दासी एकाच थाटात बोलतात, याचे मला कायम नवल वाटत आले आहे. हाच माणूस नाटक सोडून ‘सुदाम्याचे पोहे’ लिहायला बसला की सुदामा, बंडूनाना, पांडुतात्या कसे चटकन वेगळे होतात! मराठी विनोदी लेखनाचा पाया तिथे पडला, आणि गडकरी त्याच पायावर उभे राहिले.

गुरू-शिष्यांची तुलना एका संज्ञेसाठी फार उपयोगी पडते. ‘मूकनायक’ १९०१ चे. त्यातून कोल्हटकरांनी दारूच्या व्यसनावर टीका केली. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर, १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. विषय तोच. पहिल्या नाटकात दारू सुखात्मिकेच्या कक्षेत राहते. दोष दिसतो, त्याची खोड मोडते, पडदा पडतो. दुसऱ्यात सुधाकर नावाचा बुद्धिमान, मानी वकील अपमान सहन न होऊन पहिला प्याला घेतो आणि त्याचे सगळे घर त्या प्याल्यात बुडते. सुधाकराला बसवायला संस्कृत शास्त्रात खण सापडत नाही. धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित, धीरप्रशांत, चारींपैकी कोणताच नीट बसत नाही, कारण या चौघांपैकी कोणाचाही विनाश होईल असे शास्त्राने धरलेलेच नाही. ॲरिस्टॉटलने सांगितलेला नायक मात्र अगदी असाच आहे: फार सद्गुणी नाही, दुष्ट तर नाहीच, पण एखाद्या प्रमादामुळे कोसळणारा. त्या प्रमादाला तो ‘हॅमार्शिया’ म्हणतो. ॲरिस्टॉटलचे हे पुस्तक विंदा करंदीकरांनी १९५७ मध्ये मराठीत आणले, त्यामुळे इंग्रजीची भीती हे आता कारण चालणार नाही.

सुधाकराचा हॅमार्शिया कोणता? दारू, असे उत्तर हमखास येते. मला ते पटत नाही. दारू हे साधन आहे. प्रमाद आहे तो मानीपणाचा, जो त्याच्या चांगुलपणाचाच एक भाग आहे. नोंदीत मी दोन्ही मते दिली आहेत. वर्गात यावर भांडण झाले तर हवेच आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोल्हटकर-किर्लोस्करांच्या पिढीपाशी आपल्यासारखी संज्ञांची शिदोरी नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात शाकुंतल उभे केले तेव्हा भरताचे नाट्यशास्त्र सबंध छापलेलेही नव्हते. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या काव्यमालेत ते १८९४ मध्ये आले. भासाची म्हणून ओळखली जाणारी तेरा नाटके गणपतिशास्त्र्यांनी त्रिवेंद्रमहून १९१२ पासून प्रसिद्ध केली, तोवर कोल्हटकरांची उमेदीची नाटके लिहून झाली होती. परशुरामपंत गोडबोल्यांनी १८५७ पासून केलेली वेणीसंहार, उत्तररामचरित, शाकुंतल, मृच्छकटिक यांची भाषांतरे आणि कॉलेजात वाचलेला शेक्सपिअर, एवढ्यावर त्या पिढीने दोन शास्त्रांची सांगड स्वतःच्या जबाबदारीवर घातली. त्यात कुठे सांधा निखळला तर हसण्याचे कारण नाही. आगरकरांनी हॅम्लेटच्या ‘विकारविलसित’ या भाषांतराला १८८३ मध्ये लांबलचक प्रस्तावना जोडली ती अशाच सांधेजोडीसाठी. कोणाला प्रस्तावना वाचायचा कंटाळा असेल तर त्याने माझी सोडून ती वाचावी.

स्वगत, प्रकाश, जनांतिक, अपवारित आणि आकाशभाषित या पाच संज्ञा एकत्र वाचाव्यात, कारण त्या पाचही एकाच प्रश्नाभोवती फिरतात: रंगमंचावर बोललेले कोणाला ऐकू जाते? जनांतिकात नट अनामिका दुमडून बाकीची बोटे सरळ ठेवतो, हात आडवा धरतो आणि शेजारच्याशी बोलतो. या त्रिपताक हाताच्या पलीकडे उभ्या असलेल्या तिसऱ्या पात्राला काहीच ऐकू आले नाही, असे सगळ्यांनी मानायचे. हात इतकासा आणि त्याने केवढी भिंत उभी केली! जुन्या मराठी नाटकांच्या प्रतींत कंसात ‘मनात’, ‘एकीकडे’, ‘उघड’ अशा सूचना दिसतात, त्या याच कुळातल्या. पुढे वास्तवाची हौस आली. १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केले आणि स्वगत बोलणारी माणसे एकदम जुन्या काळची वाटू लागली. कोल्हटकर वारले १ जून १९३४ ला, म्हणजे त्यानंतर वर्षाच्या आतच. स्वगत मात्र मेले नाही. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधून आप्पासाहेब बेलवलकरांची स्वगते काढून टाकली तर मागे काय राहील?

परिक्रमण ही संज्ञा आमच्या भागातल्या मुलांना सगळ्यांत लवकर समजते. पात्राने रंगपीठावर एक फेरी मारली की ते दुसऱ्या ठिकाणी पोचले. तमाशात आणि दंडारीत हेच चालते; सोंगाड्या एक गिरकी घेतो आणि मथुरेच्या बाजारात उभा राहतो. पडदा नको, ब्लॅकआऊट नको. शास्त्र आणि गावचा खेळ यांत कोणी कोणाकडून घेतले या वादात मी पडलेलो नाही.

आता एका नोंदीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण तिच्यावरून कोणी रागावेल. ‘अष्टनायिका’. वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनभर्तृका, कलहांतरिता, खंडिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका, अभिसारिका. नावे गोड आहेत, चित्रकारांनी आणि लावणीकारांनी त्यांचे सोने केले. पण हे आठ प्रकार पाडले कशावर? तिचा पुरुष कुठे आहे आणि तिच्याशी कसा वागतो आहे, यावर. तो येणार आहे, आला नाही, दुसरीकडून आला, परगावी गेला, मुठीत आहे. नायकाचे चार प्रकार त्याच्या स्वभावावरून पडतात, नायिकेचे आठ प्रकार त्याच्या येण्याजाण्यावरून. हा भेद एकदा दिसला की डोळ्यांआड करता येत नाही.

तो पाहायला शिकवणारी बाई आपल्याच जिल्ह्याची. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर चाललेल्या अर्भकहत्येच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत जो गहजब उठला, त्याला ते उत्तर होते. पण जाता जाता त्या काळच्या कथा-नाटकांत बायका कशा रंगवल्या जातात याचाही ताराबाईंनी समाचार घेतला. लेखक दुर्गुण बाईच्या माथी मारतो आणि तेच दुर्गुण पुरुषात असले तर त्याकडे काणाडोळा करतो, हा त्यांचा आक्षेप. पात्ररचनेवरची ही टीका आपण सामाजिक लेखन म्हणून वाचतो, नाट्यसमीक्षेच्या पुस्तकांत तिचा उल्लेखही नसतो. घाटावरच्या या बाईला नायिकाभेदाच्या शेजारी बसवायला मला परवानगी घ्यावीशी वाटली नाही. संज्ञा काढून टाकलेली नाही; तिच्या बाजूला ताराबाईंचा प्रश्न ठेवला आहे.

काही ठिकाणी मी हात आखडता घेतला आहे. पाच अर्थप्रकृती, पाच अवस्था आणि पाच संधी यांचे जे सुबक कोष्टक सर्वत्र छापले जाते, ते इथेही आहे, पण त्यावर वेळ घालवू नये. बीज आणि आरंभ मिळून मुख, बिंदू आणि यत्न मिळून प्रतिमुख, ही मांडणी धनंजयाला आवडली. नाटककारांनी ती मनावर घेतलीच असे नाही. ज्यांनी घेतली त्यांची नाटके शास्त्रकारांना उदाहरणांसाठी प्रिय झाली, उदाहरणार्थ वेणीसंहार. संध्यंगे तर चौसष्ट आहेत. ती परिशिष्टात टाकली आहेत आणि परीक्षकांनी ती तिथेच राहू द्यावीत.

रसाविषयी मराठीत आधीच भरपूर लिहिले गेले आहे. के. ना. वाटवे यांचा ‘रसविमर्श’ आहे, र. पं. कंगले यांचा ‘रसभावविचार’ आहे. त्यांच्यापुढे माझी नोंद मुद्दाम आखूड ठेवली. भरताने आठ रस सांगितले, शांत नंतर आला, स्थायीभाव आणि रस एक नव्हेत, एवढे पक्के असले की पुरे. ॲरिस्टॉटलच्या कॅथार्सिसशी रसाची तुलना करण्याचा मोह प्रत्येक प्राध्यापकाला एकदा होतो. कॅथार्सिस भीती आणि करुणा या दोन भावनांपुरते बोलते, रस आठांविषयी. तुलना तिथेच लंगडी पडते. तरीही करायची असेल तर उत्तररामचरिताचा तिसरा अंक आणि ‘एकच प्याला’चा पाचवा अंक समोर ठेवून करावी, नुसत्या व्याख्यांवर करू नये.

संगीत नाटकातल्या साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत यांचा समावेश केलेला नाही. त्या ऐकायच्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यासाठी पेटी घेऊन बसणारा जाणकार लागतो.

नोंदी अकारविल्हे लावल्या आहेत, सापडायला बरे म्हणून. वाचताना मात्र ‘अंक’पासून सुरुवात करू नये. आधी ‘नेपथ्य’ वाचावे, मग ‘रंगपीठ’ आणि ‘परिक्रमण’, मग जनांतिकाच्या कुळातल्या पाच संज्ञा, आणि त्यानंतर बीज-बिंदूंकडे यावे. मालविकाग्निमित्राचा चौथा अंक हाताशी ठेवावा. तो छोटा आहे, त्यात अंगठी आहे, साप आहे, कैद आहे, आणि यांतल्या बहुतेक संज्ञा त्यात एकदा तरी कामाला लागलेल्या दिसतात. वर्गात दोन मुले आणि दोन मुली उभ्या करून तो मोठ्याने वाचून घ्यावा. गौतमाचे काम मागच्या बाकावरच्या पोराला द्यावे.